विद्यापीठ आणि स्थानिक संस्था: भागीदारी सुरू कशी करायची, टिकवायची कशी आणि थांबवायची कशी

सध्या बऱ्याच विद्यापीठांमध्ये समाजसेवा, लोकसहभाग, स्थानिक भागीदारी या विषयाला चांगले दिवस आलेत. नवीन कक्ष (सेल) निघतो, कोऑर्डिनेटर नेमला जातो, एकाच कार्यक्रमात पाच-सहा संस्थांसोबत एमओयू (सामंजस्य करार) होतात, फोटो निघतात, आणि दोन वर्षांनी त्यातल्या निम्म्या संस्थांचा चालू फोन नंबर सुद्धा डिपार्टमेंटमध्ये कुणाकडे सापडत नाही. मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या बाजूने हेच काम करतेय आणि ते वाढावं असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच जरा बैजवार लिहायला बसलेय. ज्या प्राध्यापकाच्या, विद्यार्थी प्रतिनिधीच्या किंवा नवीन कोऑर्डिनेटरच्या अंगावर हे काम आलंय आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. विद्यापीठ सेमिस्टरवर चालतं आणि समोरची संस्था बारा महिने चालते. आपली परीक्षा, आपली सुट्टी, आपली ॲडमिशन, यातलं काहीही त्यांना लागू नाही. मी ज्या ज्या भागीदाऱ्या फसलेल्या पाहिल्यात त्यातल्या बहुतेक या एका फरकामुळे फसल्या, माणसं वाईट होती म्हणून नाही.

तशी ही कल्पना काही काल-परवाची नाही. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल सुरू झाला, तिथे ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुलं गरीब वस्तीत येऊन राहायची आणि तिथेच काम करायची. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठातलं शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत न्यायची कायमची एक्स्टेन्शन सेवा उभी राहिली. भारतात १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) सुरू झाली, वर्षाला सेवेचे १२० तास म्हणजे दोन वर्षांत २४० तास, हे गणित अनेकांना अजून पाठ असेल. आणि २००५ मध्ये फ्रान्समधल्या तालवार इथे २३ देशांतल्या २९ विद्यापीठप्रमुखांनी एकत्र येऊन सामाजिक जबाबदारीचा जाहीरनामा केला. या सगळ्यातून मी माझ्यापुरतं काय घेतलं, तर टॉयन्बी हॉलमध्ये कुणीतरी तिथेच राहत होतं आणि एक्स्टेन्शनमध्ये कुणीतरी कायम नेमलेलं होतं. बॅचेस बदलल्या तरी लोकांना ओळखीचा चेहरा दिसत राहिला.

पायरी १: आधी आपल्याच घरात बघा

बाहेर जायच्या आधी विद्यापीठात कोण कुठे जातंय ते शोधा. हे फार कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, कारण तीन वेगळी डिपार्टमेंट्स एकाच संस्थेत जातात आणि एकमेकांना पत्ता नसतो. संस्थेला मात्र ते सगळे 'युनिव्हर्सिटीवाले' असतात, एकाने शब्द पाळला नाही की तिघांचं नाव खराब.

एक साधी एक्सेल शीट करा. संस्था कोणती, समोर कोणाशी बोलायचं, आपल्याकडून कोण जातं, कधीपासून, काय काम, कधी संपणार, आणि शेवटचा फोन कधी केला. हा शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, पुढे कळेल का ते. ईमेल पाठवून कुणी माहिती देत नाही, प्रत्येक विभागात जाऊन समोर बसून विचारावं लागतं, पंधरा दिवस धरून चाला.

त्याच वेळी दुसरी यादी करा, आपल्याकडे देण्यासारखं काय आहे त्याची. विद्यार्थ्यांचे तास सोडून सुद्धा बरंच असतं: रविवारी रिकामा पडलेला हॉल, लायब्ररीचं कार्ड, लॅब, प्रिंटिंग, भाषांतर करू शकणारी माणसं, कायदा शिकवणारे प्राध्यापक. कित्येकदा संस्थेला विद्यार्थी नकोच असतात, मीटिंगला जागा हवी असते, आणि ती देणं आपल्याला एका सहीचं काम असतं.

पायरी २: पहिल्या दोन भेटीत काही मागू नका

पहिल्या भेटीला प्रपोजल घेऊन जायचं नाही. पीपीटी तर अजिबात नाही. जायचं, त्यांचं काम चालू असताना एका कोपऱ्यात बसायचं आणि बघायचं.

एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाचं सांगते. आमच्या मुलांच्या डोक्यात होतं की तिथे वाचनसंस्कृतीवर पथनाट्य करायचं, पोस्टर स्पर्धा घ्यायची. मी आधी एकटी गेले, दीड तास बसले. तिथे काम बघणाऱ्या ताई एकट्याच होत्या. एक मुलगा पुस्तक मागायला आला, त्यांनी तीन जाड वह्या काढल्या, पहिली वही भिजून फुगलेली, तिची पानं एकमेकांना चिकटलेली, दुसरीत एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना पडलेला, तिसरीत नाव सापडलं पण पुस्तक कपाटात नव्हतं. तो मुलगा वीस मिनिटं थांबला आणि रिकाम्या हाताने गेला. मी ताईंना विचारलं की वाचक कमी झालेत का, तर त्या म्हणाल्या, "वाचक येतात हो मॅडम, पुस्तक सापडत नाही."

आता सांगा, पथनाट्याचं काय करायचं होतं तिथे?

दुसऱ्या भेटीत एवढंच विचारायचं की या वर्षात तुमची कुठली तीन कामं अडलीयेत, आणि त्यातलं एखादं बाहेरच्या माणसाला करता येण्यासारखं आहे का. 'नाही' म्हणायची पूर्ण मोकळीक द्या. छोट्या संस्थांना विद्यापीठाला नाही म्हणणं जड जातं, पुढे सर्टिफिकेट लागेल, शिफारस लागेल असं त्यांच्या मनात असतं, म्हणून त्या हो म्हणतात आणि मग आपली वीस मुलं सांभाळणं हेच त्यांचं काम होऊन बसतं.

पायरी ३: प्रश्न कुणाचा आहे ते तपासा

नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात 'सायन्स शॉप' नावाची एक पद्धत विद्यापीठांत सुरू झाली, मला ती अजूनही फार आवडते. रहिवासी गट, कामगार, छोट्या संस्था आपला प्रश्न घेऊन यायच्या, उदाहरणार्थ आमच्या भागातल्या पाण्यात काय आहे, आणि विद्यापीठ त्या प्रश्नावर संशोधन करून द्यायचं. म्हणजे प्रश्न बाहेरून आत येतो. आपल्याकडे बहुतेक वेळा प्रोजेक्टचा विषय आधीच ठरलेला असतो आणि मग तो कुणावर करायचा ते शोधायला आपण बाहेर पडतो.

अमेरिकन अभ्यासक शेरी आर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाला लोकांना नुसतं वापरून घेणं, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि सगळ्यात वर लोकांच्याच हातात निर्णय. आपला प्रोजेक्ट कुठल्या पायरीवर आहे ते टीमने एकदा प्रामाणिकपणे कागदावर लिहावं. मधल्या पायरीवर असलात तरी चालतं, सुरुवातीला सगळे तिथेच असतात, फक्त रिपोर्टमध्ये त्याला भागीदारी म्हणू नका.

मग येतो गरजेचं कामात रूपांतर करण्याचा भाग, आणि इथे वेळ द्या. "आमची यादी नीट करून द्या" ही गरज झाली. काम म्हणजे किती पुस्तकं आहेत, एका पुस्तकाची नोंद करायला किती मिनिटं लागतात, नोंदीत कुठले रकाने हवेत, चुकीचे दाखल क्रमांक कोण दुरुस्त करणार, कॉम्प्युटर कुणाचा. आम्ही आधी ५० पुस्तकांवर करून बघितलं तेव्हा लक्षात आलं की टायपिंगला वेळ लागतच नाही, सगळा वेळ पुस्तक शोधण्यात जातो, मग जोड्या केल्या, एक शोधणार आणि एक टाइप करणार. असा छोटा ट्रायल घेतल्याशिवाय कुणालाही तारीख देऊ नका.

पायरी ४: एक पान लिहून काढा

विद्यापीठाचा बारा पानी एमओयू होईल तेव्हा होईल, त्याच्या सह्यांना महिने लागतात. त्याच्या आधी एक पान साध्या भाषेत लिहा आणि दोन्ही बाजूंनी वाचून दाखवा, हो, मोठ्याने वाचून. आमच्या त्या पानावर साधारण असं होतं:

काम: कपाट १ ते ६ मधल्या पुस्तकांची कॉम्प्युटरवर यादी.
कोण: दर शनिवारी आठ विद्यार्थी, दोन तास, सोबत एक शिक्षक कायम.
संस्थेकडून: किल्ली, टेबलं, आणि दाखल क्रमांकाची शंका आली तर ताईंचा निर्णय शेवटचा.
विद्यापीठाकडून: लॅपटॉप, कागद, येण्याजाण्याचा खर्च.
काय करणार नाही: पुस्तकं बाहेर नेणार नाही, न विचारता फोटो काढणार नाही.
परीक्षेच्या काळात: विद्यार्थी येणार नाहीत, शिक्षक महिन्यातून दोनदा येतील.
थांबायचं असेल तर: कुणीही एक महिना आधी सांगायचं, कारण द्यायची गरज नाही.
कधी संपेल: कपाट ६ झालं आणि ताईंना स्वतः नवीन पुस्तक चढवता आलं की.

शेवटची ओळ बघा. काम कधी संपलं हे तारखेवर ठरवलं नाही, ताईंना काय जमायला हवं त्यावर ठरवलं. रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये सर्व्हिस लर्निंगची, म्हणजे लोकांसाठी काम करता करता शिकण्याची, तत्त्वं मांडली त्यात हेच आहे, की ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्या हातात त्याची सूत्रं हवीत आणि कामानंतर त्यांची स्वतःची ताकद वाढलेली हवी.

पायरी ५: दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

या लेखातली दुसरी कुठलीही पायरी विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

एका मोठ्या कागदावर बारा महिने मांडा. वरच्या ओळीत विद्यापीठाचं: सेमिस्टर सुरू, इंटर्नल, परीक्षा, सुट्टी. खालच्या ओळीत संस्थेचं: त्यांची गर्दी कधी असते, ऑडिट कधी, अनुदानाचे कागद कधी द्यायचे असतात, माणसं कमी कधी असतात. मग रंगाने खुणा करा. ज्या महिन्यात त्यांना सगळ्यात जास्त गरज आणि आपली मुलं नेमकी परीक्षेत, ते महिने लाल. हे लाल महिने आधी दिसले की अर्धं काम झालं, कारण मग त्या काळात कोण जाणार याचा विचार जूनमध्ये होतो, ऐन परीक्षेच्या तोंडावर नाही.

लाल महिने भरायचे कसे? एक, शिक्षकांच्या वर्कलोडमध्ये हे तास अधिकृत धरून घ्या, म्हणजे जाणं त्यांच्या चांगुलपणावर राहत नाही. दोन, बॅचेस एकमेकींवर चढवा, जुन्या बॅचचा शेवटचा महिना आणि नव्या बॅचचा पहिला महिना एकच ठेवा, जुन्या मुलांनी नव्यांना सोबत नेऊन ओळख करून द्यायची, नावानिशी. दर वर्षी संस्थेतल्या माणसाने पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं हा खर्च आहे आणि तो खर्च आपण न विचारता त्यांच्यावर टाकतो. तीन, संशोधन करणारी पीएचडीची मुलं तीन-चार वर्षं असतात, त्यातल्या एखादीला मानधन देऊन दुवा म्हणून ठेवा. आणि चौथं, हे ऐकायला कठोर वाटेल, पण लाल महिने भरताच येत नसतील तर असं काम घेऊच नका ज्यात खंड चालत नाही. लहान मुलांना आठवड्याला शिकवायला जायचं आणि ओळख जमल्यावर दोन महिने गायब व्हायचं, हे मी पाहिलंय, मुलं दारात वाट बघत बसतात. त्यापेक्षा यादी करणं, माहितीपत्रक बनवणं, वेबसाइट दुरुस्त करणं अशी सुरुवात-शेवट असलेली कामं घ्या, त्यात कुणाचं मन मोडत नाही.

पायरी ६: मुलांना पाठवायच्या आधी

१९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर बोलले आणि त्यांनी स्पष्टच सांगितलं की तुमचा हेतू चांगला असला तरी इथे मदत करायला येऊ नका, आलात तर शिकायला या. मी दर बॅचला हा किस्सा सांगते, मुलं जरा गप्प होतात आणि मग खरी चर्चा सुरू होते.

तयारीला किमान दोन सेशन ठेवा, त्यातलं एक संस्थेतल्या माणसाने घ्यावं आणि त्याचं मानधन द्यावं, जसं कुठल्याही बाहेरच्या व्याख्यात्याला देतो तसंच. लहान मुलांसोबत काम असेल तर कुणीही एकट्याने मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, आणि काही गंभीर कानावर आलं तर कुणाला सांगायचं त्याचा नंबर प्रत्येकाकडे लिहिलेला हवा. यात सूट नाही.

पायरी ७: काम चालू असताना

दर पंधरा दिवसांनी संस्थेला एक फोन, पाच मिनिटांचा, ठरलेल्या माणसाकडून. व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळं ठीक ना?" टाकून भागत नाही, त्याला सगळे अंगठाच दाखवतात. फोनवर विचारा, मागच्या वेळी काय त्रास झाला. पहिल्या दोन वेळा "काही नाही" म्हणतील, तिसऱ्या वेळी सांगतील.

विद्यार्थ्यांकडून अनुभवलेखन घेता तेव्हा "मला खूप शिकायला मिळालं" छापाची दोन पानं येतात, ती घेऊ नका. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेरी बॉर्टन यांचे १९७० चे तीन प्रश्न आजही पुरतात: काय झालं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय. पहिल्याचं उत्तर नेमकं हवं. एका मुलीने लिहिलं होतं की एकाच पुस्तकाला दोन दाखल क्रमांक का पडले ते शोधताना तिला कळलं की मधली दोन वर्षं तिथे पगारी माणूसच नव्हता, वाचकच आळीपाळीने वही लिहायचे. त्या एका ओळीवरून आमच्या वर्गात सार्वजनिक संस्थांच्या पैशावर तासभर चर्चा झाली.

पायरी ८: माहिती कुणाची, आणि ती परत कधी देणार

सर्व्हे करणार असाल तर हे नीट वाचा. मी विद्यार्थिनी होते तेव्हा चार पानी प्रश्नावली घेऊन घरोघर फिरले होते. एका बाईंनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, पाणी दिलं, आणि निघताना शांतपणे विचारलं, "गेल्या वर्षी पण हेच विचारून गेले होते, त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो रिपोर्ट कपाटात होता, त्याला चांगले मार्क पडले होते. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

म्हणून आता माझा नियम असा की माहिती परत द्यायची तारीख ठरल्याशिवाय सर्व्हे सुरू करायचा नाही. परत देणं म्हणजे पीडीएफ मेल करणं नव्हे. एक मोठा कागद, चार-पाच ठळक गोष्टी, लोकांच्या भाषेत, आणि तासभराची बैठक ज्यात लोक म्हणू शकतील की हे चुकलंय, आणि त्यांनी म्हटलं तर रिपोर्टमध्ये दुरुस्ती होईल. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स (मूळ रहिवासी) समुदायांनी १९९८ मध्ये आपल्या माहितीबद्दल चार गोष्टी ठामपणे मांडल्या: मालकी, नियंत्रण, बघायचा हक्क आणि ताबा. सगळंच्या सगळं लगेच जमणार नाही, पण कच्ची माहिती कुणाकडे राहील, किती दिवस, आणि नावं कधी पुसली जातील एवढं तरी त्या एका पानावर लिहा. संमती घेताना नाही म्हणालात तरी तुमच्या कुठल्याही सेवेवर परिणाम होणार नाही हे तोंडाने सांगा.

पायरी ९: विद्यापीठाच्या आतली लढाई

हे काम करणाऱ्या प्राध्यापकाला प्रमोशनमध्ये त्याचं काहीच मिळत नसेल तर दोन-तीन वर्षांत तो थकतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये मांडलं की नवीन शोध लावणं हीच एक विद्वत्ता नाही, ज्ञानाची सांगड घालणं, ते प्रत्यक्ष वापरणं आणि शिकवणं ही सुद्धा विद्वत्ताच आहे. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कार्नेगी वर्गीकरणात २००६ पासून समुदाय सहभागासाठी वेगळी मान्यता सुरू झाली. हे दाखले मीटिंगमध्ये उपयोगी पडतात, कारण 'आम्हाला वाटतं' पेक्षा 'जगात असं होतंय' याला वजन असतं. मागणी मात्र छोटी ठेवा: मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आणि वर्कलोडमध्ये ठराविक तास.

दुसरी बाजू खरेदीची, जिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. विद्यापीठ वर्षभर छपाई, धुलाई, बागकाम, खानपान यावर भरपूर खर्च करतं. अमेरिकेत क्लीव्हलंड इथे २००८ मध्ये एव्हरग्रीन सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यामागे हाच विचार होता की तिथलं विद्यापीठ आणि मोठी हॉस्पिटलं आपली खरेदी जवळच्या वस्त्यांतल्या कामगारांच्या मालकीच्या संस्थांकडे वळवतील. एवढं मोठं नाही जमलं तरी पुढच्या टेंडरमध्ये छोट्या स्थानिक गटांना भरता येईल असा एखादा भाग वेगळा काढता येतो का, हे अकाउंट्सला विचारून बघा.

मोजमापाबद्दल थोडक्यात. किती विद्यार्थी आणि किती तास हे आकडे द्यावेच लागतात, द्या. पण सोबत तीन गोष्टी नोंदवा: संस्थेने पुढच्या वर्षी परत बोलावलं का, ठरलेल्यापैकी किती दिवस आपण खरंच गेलो, आणि आपण निघाल्यावर ते काम चालू राहिलं का.

पायरी १०: निरोप

प्रत्येक भागीदारी कधीतरी थांबते, थांबावीही. शेवटची भेट कार्यक्रम करून उरकू नका, आधी हस्तांतर. पासवर्ड कागदावर लिहून द्या आणि त्यांच्या हाताने एकदा बदलायला लावा. फाइल कुठे आहे, बॅकअप कसा घ्यायचा, बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे एका पानावर लिहून भिंतीला चिकटवा. त्यांनी आपल्यासमोर पूर्ण काम एकदा एकट्याने करून दाखवावं, आपण हात मागे बांधून उभं राहायचं, कितीही वेळ लागला तरी माउसला हात लावायचा नाही.

आणि शीटमधला तो शेवटचा कॉलम. तीन महिन्यांनी फोन करायचा, तारीख टाकायची. वाचनालयाच्या ताईंना मी असाच केला तेव्हा कळलं की नवीन पुस्तकांची नोंद परत वहीत सुरू झालीय, कारण कॉम्प्युटर चालूच होत नव्हता आणि "तुमचं काम तर संपलं ना, उगाच कशाला त्रास" म्हणून त्यांनी कळवलंच नव्हतं. आमच्या लॅबचे असिस्टंट दुसऱ्या दिवशी जाऊन आले, अर्ध्या तासाचं काम निघालं. मधल्या काळात वहीत लिहिलेली ६२ पुस्तकं मग ताईंनी एकटीने चढवली आणि तसं त्यांनीच मला फोन करून सांगितलं.